विंचवाचं बिऱ्हाड

मोटारीतलं मला काही कळत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर ‘आपण उल्लेखिलेल्या जागी नट नसून बोल्ट असतो’ असं कळवणारं एखाद्या जाणकार वाचकाचं पत्र यायचं. मी बी. कॉम. आहे. पुण्यातल्या एका बँकेत चोवीस वर्षं क्लार्क आहे. (अलीकडे आम्हाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. काउंटरवरचे पेन्शनर मात्र अजून ‘अहो क्लार्क’ अशीच हाक मारतात, आणि मी ‘ओ’ देतो.) मोटार या वस्तूशी माझा संबंध दोनच ठिकाणी येतो : तिच्यावरचा घसारा आणि तिच्यासाठी काढलेलं कर्ज. या दोन खिडक्यांतून पाहिलं तर मोटार घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे, हे शेंबड्या पोरालाही पटावं. माझ्या पोराला पटलं नाही, कारण तो आता शेंबडा राहिलेला नाही. तो मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

आमच्या घरात मोटारीचं वेड टकलासारखं एक पिढी सोडून येतं. माझे वडील, म्हणजे अण्णा, आकुर्डीच्या कारखान्यात अडतीस वर्षं टेम्पो जोडत होते. ‘टेम्पो’ हा शब्द परका आहे असं कुणी म्हटलं की ते अजून उसळतात. वास्तविक ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव. तिच्याशी करार करून १९५८ साली बजाज टेम्पो उभी राहिली, तिची तीनचाकी रस्त्यावर आली, आणि पाहता पाहता बिऱ्हाड हलवणाऱ्या झाडून साऱ्या वाहनांना महाराष्ट्र टेम्पो म्हणू लागला. २००५ साली कंपनीनं स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. लोकांनी काही बदललं नाही. आजही कुणाच्याही कारखान्याची गाडी दारात आली तरी बायको म्हणते, “टेम्पो आला, कपाटाला हात लावा.”

अण्णांची इच्छा मी इंजिनिअर व्हावं अशी होती. बारावीच्या गणितानं त्यांची इच्छा आणि माझी टक्केवारी यांच्यातला फरक दाखवून दिला, आणि मी कॉमर्सला गेलो. त्यावर अण्णा एकदाच बोलले : “बरं. पगारपत्रकं करणारे लोकही लागतातच.” त्यानंतर पंचवीस वर्षं आमच्यात मोटार या विषयावर बोलणं नव्हतं. मग नातू मोठा झाला आणि दोघांची युती झाली.

आता ही शर्यतीची मोटार काय भानगड आहे ते सांगतो. इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं एकेक टोळी करून वर्षभर खपून एका माणसाची, उघड्या चाकांची, छोटी रेसिंग कार बांधतात. देशभरच्या अशा टोळ्या साधारण जानेवारीच्या सुमारास कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर जमतात. स्पर्धेचं नाव ‘फॉर्म्युला भारत’. हा ट्रॅक सव्वादोन किलोमीटरला जरासा कमी, २००३ साली सुरू झालेला, आणि एस. करिवर्धन या तिथल्याच शर्यतपटूचं नाव त्याला दिलेलं. तिथे मोटार नुसती पळवायची नसते. तिचा आराखडा परीक्षकांना समजावून सांगायचा, ब्रेक दाखवायचे, आणि शेवटी सुमारे बावीस किलोमीटर ती बंद न पडता चालवून दाखवायची. वर्षभराच्या श्रमांची परीक्षा म्हणजे बावीस किलोमीटर. आमची पीएमटी एवढं अंतर एका फेरीत तोडायची. पण बंद न पडता, असं मला म्हणता येणार नाही.

कार बांधून होत आली तेव्हा आमच्या दिवाणखान्यात सभा भरू लागल्या. पोरं एकमेकांना खात्याच्या नावानं हाक मारायची. उंच मुलगा ‘सस्पेन्शन’, जाडा ‘ब्रेक’, काळा चष्मा डोक्यावर ठेवणारा ‘एक्झॉस्ट’. एक शांत, हुशार मुलगी होती, ती ‘स्टिअरिंग’. आमचा चिरंजीव ‘चासी’. सौ. स्वयंपाकघरातून विचारायची, “अरे, ब्रेकला चहात साखर चालते ना?” आणि शेजारचे जोशी दार लावून घ्यायचे.

सभांचा विषय एकच : गाडी कोइमतूरला न्यायची कशी? पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, सेलम असं करत बाराशे किलोमीटर अंतर. आदल्या वर्षी त्यांनी ती एका वाहतूकवाल्याच्या स्वाधीन केली होती. (नाव सांगत नाही.) पेटी एक दिवस उशिरा पोचली आणि उघडली तेव्हा पुढच्या चाकाची दांडी वाकलेली होती. शिवाय बारा मुलं लॉजच्या दोन खोल्यांत राहिली. रात्री ट्रॅकजवळ काम करायचं आणि पाठ टेकायला लांब जायचं, यात निम्मा जीव गेला.

“यावर उपाय एकच,” चिरंजीव म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप माझ्यापुढे केला. “मोटरहोम.”

पडद्यावर एक अमेरिकन गृहस्थ चाळीस फूट लांब बसवजा घरातून उतरत होता. आत पलंग, स्वयंपाकघर, न्हाणीघर. मागे जोडलेला बंद ट्रेलर. ट्रेलरमध्ये शर्यतीची गाडी. तिकडे म्हणे हौशी शर्यतवाले असंच करतात. शुक्रवारी घर हाकत ट्रॅकवर जायचं, शनिवार-रविवार शर्यत, सोमवारी घरासकट घरी. आपल्याकडे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. या गृहस्थानं बिऱ्हाड पाठीवर घेऊन शिवाय नांगीला मोटार बांधली होती.

“छान आहे,” मी म्हणालो. “आपल्या सोसायटीचं पार्किंग सोळा फुटांचं आहे.”

“चाळीस फुटी नकोच आहे, बाबा. जुनी ट्रॅव्हलर घ्यायची. सीट काढून बंक टाकायचे. मागे हुक. ट्रेलर भोसरीत वेल्डिंग करून घेऊ.” मग त्यानं कागद काढला. जुनी ट्रॅव्हलर साडेसहा लाख, आतलं काम दीड, ट्रेलर एक लाख वीस हजार. एकूण नऊ वीस. बारा घरांतून वीस-वीस हजार म्हणजे दोन चाळीस. उरले सहा लाख ऐंशी हजार.

हा आकडा ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. कारण त्या दिवशी माझ्या एका मुदत ठेवीत सहा लाख त्र्याऐंशी हजार होते. हा योगायोग नव्हता, हे ‘स्टिअरिंग’नं खाली मान घातल्यावर माझ्या लक्षात आलं.

या ठेवीविषयी थोडं सांगायला हवं. घरात तिचं नाव ‘गाडीची एफडी’. २०१२ साली मी स्वतःची मोटार घ्यायची म्हणून ती ठेवली. चार चाकं, चार दारं, आत आम्ही चौघं आणि आई. मुदत संपली की मी शोरूमपर्यंत जायचो, काचेतून पाहायचो, घसाऱ्याचं गणित करायचो आणि परत येऊन ठेव रिन्यू करायचो. अमुक साली व्याजदर चांगला होता, तमुक साली थोरलीचं कॉलेज. २०२० साली तर टाळेबंदीच लागली; गाडी शिकायला इतके मोकळे रस्ते पुण्याच्या इतिहासात पुन्हा मिळणार नव्हते, पण शोरूम बंद. आई होती तेव्हा म्हणायची, “गाडी घेतलीस की एकदा मला पंढरपूरला ने.” पंढरपूरला ती गेली. दोनदा. दिंडीतून, पायी.

“ती एफडी मोडायची नाही,” मी म्हणालो. “ती गाडीसाठी आहे.”

“ही गाडीच आहे ना?”

“ही आपली गाडी नाही. वर्षातून दहा दिवस लागणारी गाडी आहे. उरलेले तीनशे पंचावन्न दिवस ती घसाऱ्याला लागेल.”

चिरंजीव सावकाश म्हणाला, “बाबा, तुम्ही गाडी घेणारच नाही. तुम्ही फक्त रिन्यू करता.”

सभा तिथेच बरखास्त झाली. पोरं चपला शोधू लागली. अण्णा कोपऱ्यात पेपर वाचत होते. पेपर उलटा होता. त्या रात्री मी दोनदा उठून पाणी प्यायलो.

रविवारी सकाळी मी आपण होऊन म्हणालो, “चल, बघून तर येऊ.” बघायला पैसे पडत नाहीत, हे माझं आयुष्यातलं एकमेव धाडसी तत्त्व आहे. मी, अण्णा, चिरंजीव आणि ब्रेक असे रिक्षानं जुन्या गाड्यांच्या एका आवारात गेलो. मालकानं एक पांढरी ट्रॅव्हलर दाखवली. ती यापूर्वी शिर्डी ते अष्टविनायक अशी फिरून पुण्यवान झालेली होती. अण्णा गाडीला हात न लावता तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आले. हे मॉडेल १९८७ साली बाहेर पडलं तेव्हा ते कारखान्यात होते. मग एकदम गुडघ्यावर बसून खाली डोकावले. त्र्याहत्तराव्या वर्षी. मी धावलो, तर म्हणाले, “तू थांब तिकडे, तुला काय कळतंय!” पंचवीस वर्षांनंतर आमच्यात या विषयावर झालेलं हे पहिलं वाक्य.

“मागे ट्रेलर ओढेल का?” चिरंजीवानं विचारलं.

“ट्रेलर?” मालक म्हणाला. “साहेब, हत्ती बांधा.”

हत्तीचं मला माहीत नाही. पण ट्रेलरचं मी तेवढ्यात आरटीओतल्या कामांची माहिती असणाऱ्या आमच्या एका खातेदाराकडून काढून ठेवलं होतं. कायद्याच्या लेखी ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच. त्याला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, स्वतःची अशी इच्छाशक्ती नाही, तरी त्याची नोंदणी वेगळी. आमच्याकडे अज्ञान पाल्याचं खातं असतं ना, तसं. शिवाय प्रवासी गाडीच्या सीटा काढून त्या जागी पलंग टाकायचे म्हणजे नोंदणीच्या पुस्तकात एक आणि गाडीत दुसरंच. ते परवानगीवाचून चालत नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आहे, हे खरं. पण त्यात शर्यतीची मोटार मागे बांधून बारा मुलांनी जायचा उल्लेख माझ्या तरी वाचनात आला नाही.

आणि बारा मुलांचं काय? सीटा काढल्यावर बंक सहाच बसत होते. “सहा झोपतील, सहा काम करतील, पाळी-पाळीनं,” ब्रेक म्हणाला. कारखान्यात आयुष्य घालवलेल्या अण्णांना ही शिफ्टची कल्पना फार आवडली.

मग दुसरे पर्याय. अण्णांनी टेप काढली. त्या दिवशी मला कळलं की आमच्या पोरांची अख्खी गाडी तीनशे किलोसुद्धा भरत नाही. म्हशीहून हलकी. पण लांबी नऊ फूट आठ इंच. छोट्या हत्तीचा हौदा सात फुटांचा, म्हणजे पोटात गाडी आणि बाहेर लटकलेलं नाक. पिकअपचा आठ-नऊ फूट. तिथे नाकाची फक्त सर्दी बाहेर राहत होती. बरं, मालाच्या गाडीत गाडी बसली, तर माणसं बसवता येत नाहीत, ते बेकायदा. माणसांच्या गाडीत माणसं बसली, तर गाडी बसत नाही. सगळ्या वाहनव्यवहाराचं मूळ मला त्या आवारात उमगलं : जगात दोनच खाती आहेत, माल आणि प्रवासी, आणि एका खात्यातून दुसऱ्यात जमाखर्च होत नाही. मोटरहोम म्हणजे ही दोन खाती जोडण्याचा अमेरिकन प्रयत्न. त्यासाठी चाळीस फूट लागतात.

परत येताना रिक्षात कुणी बोललं नाही. कर्वे पुतळ्यापाशी अण्णा एकदम म्हणाले, “तुझ्या आईच्या दिंडीचा ट्रक.”

आम्ही त्यांच्याकडे पाहिलं.

“तात्यांचा. खाली सामान, वर माळा.”

वाचकांपैकी ज्यांनी वारी पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको. दिंडी पायी चालते. तिचं बिऱ्हाड ट्रकमधून पुढच्या मुक्कामाला जातं. तंबू, वळकट्या, शेगडी, पिठाची पोती, पाण्याची पिंपं, आणि दमलेल्यांसाठी बामाच्या बाटल्या. वारकरी पोचायच्या आत ट्रक पोचलेला, तंबू ताणलेला, आमटीला कढ आलेला. तिकडे अमेरिकेत आता मोटरहोम म्हणून जे विकतात, ते आपल्याकडे दर आषाढी वारीला आळंदीहून शेकड्यांनी निघतं. फक्त आत न्हाणीघर नसतं, आणि चालकाला टोपी असते.

तात्या भूगावचे. आषाढात माउलींची सेवा, एरवी मार्केट यार्डाला भाजी. ट्रक टाटा ४०७. हे मॉडेल १९८६ सालचं, अस्सल पुण्याचं. पण पिंपरीचं, आकुर्डीचं नव्हे. त्यामुळे अण्णांच्या चेहऱ्यावर, मुलीला दुसऱ्या पोटजातीत द्यायची वेळ आलेल्या बापाची कळा होती. दोन कारखान्यांत फार तर चार-पाच किलोमीटर अंतर. पण मनात बाराशे.

हौदा मोजला. दहा फूट. गाडी नऊ फूट आठ इंच. “पुढे दोन, मागे दोन इंच,” चिरंजीव म्हणाला. “फाळका लागतोय.” माझ्या मुलाला आयुष्यात इतकं आनंदित मी फक्त त्याच्या पहिल्या सायकलच्या वेळी पाहिलं होतं. ती सायकलही सेकंडहँड होती.

आता तात्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाडी कुठं जड? मागं, इंजिनाकडं. मग तोंड कुणीकडं करायचं? पोरांनी लॅपटॉप उघडला. ट्रेलरच्या बाबतीत म्हणे असा नियम आहे, की एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर यायला हवा. त्याहून कमी आला तर ट्रेलर शेपटासारखा हलतो आणि ओढणाऱ्या गाडीला घेऊन रस्ता सोडतो. ‘सस्पेन्शन’नं हे इंग्रजीतून वाचलं, ‘स्टिअरिंग’नं मराठीतून समजावलं. तात्यांनी शांतपणे ऐकलं.

“उलाळ म्हणत्यात त्याला,” ते म्हणाले. “बैलगाडीत वजन मागं गेलं की गाडी उलाळ हुती. जू वर उचलतं, बैलाच्या गळ्याला फास. लई पुढं घेतलं तर मानंवर वझं. मधी पण जरा पुढं, असं भरायचं. माझा आज्जा सांगायचा. तुमच्या पुस्तकात टक्के दिल्यात व्हय? बरं केलं.”

पोरांनी ते वहीत लिहून घेतलं. ‘उलाळ’ हा शब्द त्यांच्या पुढच्या अहवालात इंग्रजी अक्षरांत आला होता.

हिशोब मी केला. जाऊन-येऊन चोवीसशे किलोमीटर, लिटरला नऊ धरले तर दोनशे सहासष्ट लिटर डिझेल, लिटरचा दर नव्वदच्या घरात, म्हणजे चोवीस हजार, टोल, आणि नऊ दिवसांचं तात्यांचं भाडं. सगळं मिळून पन्नास-पंचावन्न हजारांच्या आत. मुलं कुर्ला-कोइमतूर गाडीनं पुण्याहून जातील. रात्रीचा मुक्काम ट्रॅकजवळ, उभ्या ट्रकमध्ये आणि दिंडीच्या तंबूत. नऊ लाख वीस हजार वाचले! मी हा आकडा तीनदा मोठ्यानं म्हणालो. चिरंजीव म्हणाला, “हो बाबा. वाचले.” त्यात टोमणा होता की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण खरी गंमत पुढेच झाली. एके रात्री अकरा वाजता तो माझ्यापाशी कागदांचा गठ्ठा घेऊन आला. या स्पर्धेत मोटारीतल्या प्रत्येक भागाचा खर्च द्यावा लागतो. नट, बोल्ट, वायसर, वेल्डिंगची इंचभर रेघ, सगळ्याचा. त्याला गुण शंभर. शिवाय धंदा म्हणून ही मोटार कशी विकाल, याच्या योजनेला पंचाहत्तर. म्हणजे हजारातले पावणेदोनशे गुण शुद्ध कॉमर्सचे! मी चष्मा पुसला.

“बेरीज जुळत नाही,” तो म्हणाला. “चौदा रुपयांचा फरक येतोय.”

वाचकहो, चोवीस वर्षांत मी लाखांचे फरक शोधले आहेत. पण त्या चौदा रुपयांइतकं सुख कशात मिळालं नाही. आम्ही पहाटे तीनपर्यंत बसलो. सातशे-आठशे ओळी होत्या. मध्येच तो मला एकेका भागाचं काम सांगायचा आणि मी त्याला राउंडिंगच्या चुका सांगायचो. तीन वाजता सापडलं. पेडलच्या स्प्रिंगा दोन, किंमत एकीचीच. “दुसरी कुठे गेली?” मी विचारलं. तो हसला. म्हणाला, “ती ब्रेकच्या खिशात असेल.” खरंच होती.

ट्रक पहाटे साडेचारला निघाला. तात्यांच्या शेजारी केबिनमध्ये दोन माणसांची जागा. एक माझी, कारण विम्याचे कागद आणि खर्चाचा अहवाल मी कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हतो. दुसऱ्या जागेवर अण्णा येऊन बसले, कानटोपी घालून, मांडीवर टेप. “तुम्ही कशाला?” म्हणालो. “पिंपरीची गाडी आहे,” ते म्हणाले. “कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.”

अडतीस वर्षं ज्यानं गाड्या जोडल्या, तो माणूस अशा गाडीतून कधी लांबच्या प्रवासाला गेलेला नव्हता. कारखान्याच्या बसनं जायचं, बसनं यायचं. खंबाटकीचा घाट चढताना त्यांनी डोळे मिटून इंजिन ऐकलं. कोल्हापूरला नाक मुरडलं. निपाणीला सीट उंच आहे म्हणाले. हुबळीच्या पुढे ढाब्यावर रात्री ट्रक उभा केला, आम्ही माळ्यावर चढलो. खाली ताडपत्रीत गुंडाळलेली मोटार, वर फळ्यांवर आईच्या दिंडीतल्या त्याच वळकट्या, आणि नाकापासून सहा बोटांवर छत. पाय पसरले की फाळक्याला लागायचे. बराच वेळानं अंधारातून आवाज आला, “इंजिन बरं आहे.” मी झोपल्याचं सोंग केलं. मला ते वाक्य मोडायचं नव्हतं.

कोइमतूरला इतर कॉलेजांच्या गाड्या पेट्यांतून, कंटेनरमधून येत होत्या. आमचा ट्रक आत शिरला, तेव्हा सगळे वळून पाहू लागले. कपाळावर मोठ्या अक्षरांत ‘माउली’, दोन्ही बाजूंना टाळ-मृदंग, आणि आरशाला तुळशीची माळ. एका तमिळ कॉलेजची मुलं आमच्या ‘एक्झॉस्ट’ला इंग्रजीत विचारू लागली, की माउली ही तुमची स्पॉन्सर कंपनी का? तो गोंधळला. तात्यांना अर्थ सांगितला.

“व्हय म्हणावं की,” तात्या म्हणाले. “तीच हाय.”

चार दिवस तात्यांची शेगडी पेटलेली होती. दुसऱ्या दिवसापासून आमच्या तंबूत पिठलं-भाताला इतर राज्यांची पोरं येऊ लागली. रात्री दोनला काम आटोपून ‘ब्रेक’ माळ्यावर चढायचा आणि खाली गाडी, वर गाडी बांधणारे, असं ते बिऱ्हाड घोरायचं. अमेरिकन गृहस्थाच्या न्हाणीघराची आठवण मला फक्त सकाळी यायची.

शर्यतीचं म्हणाल तर बावीसपैकी सोळा किलोमीटर आमची गाडी धावली. मग एक वायर सुटली. एवढीशी. चिरंजीव ट्रॅकच्या कुंपणाला डोकं लावून उभा होता. काय बोलावं मला सुचेना. मी जवळ जाऊन म्हणालो, “सोळा किलोमीटर म्हणजे आपल्या घरापासून आकुर्डीपर्यंत, जवळजवळ.” हे सांत्वन आहे की काय, हे मलाच कळेना. पण त्यानं मान हलवली. अण्णा मागून आले, नातवाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “वायर कुठली होती? दाखव.” आणि दोघं गाडीखाली गेले. खर्चाच्या अहवालात मात्र आमचा नंबर पहिल्या वीसांत होता. सर्टिफिकेटवर माझं नाव नाही. हरकत नाही. बॅलन्स शीटवर क्लार्कचं नसतंच.

परतीच्या वाटेवर साताऱ्याच्या अलीकडे मी तात्यांना सहज विचारलं, गाडी शिकायला या वयात किती दिवस लागतील? अण्णांनी खिडकीबाहेर पाहत उत्तर दिलं, “क्लच सोडायला शिकलास की झालं.”

जानेवारीअखेर ठेवीची मुदत संपली. मी काउंटरच्या आतून स्वतःचाच फॉर्म भरला. आजवर ‘पाच वर्षे’ लिहायचा हात सवयीनं पुढे गेला होता. तो खोडला आणि ‘सहा महिने’ लिहिलं. पलीकडच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “व्याज अर्धा टक्का कमी मिळेल हो!”

“माहीत आहे,” म्हणालो, आणि खोडलेल्या जागी सही केली.